वसईच्या नावाचा वायू

वसईच्या पश्चिमेला, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, भर समुद्रात आणखी एक वसई आहे. तिथे किल्ला नाही, केळीच्या वाड्या नाहीत, देऊळ, मशीद, चर्च यांपैकी काही नाही. समुद्राच्या तळात पाय रोवून उभे असलेले लोखंडी फलाट आहेत आणि तळाखालच्या चुनखडकात साठलेला वायू आहे. सरकारी कागदांत या जागेचे नाव 'साउथ बसीन'. बसीन म्हणजे आपली वसईच. पोर्तुगीज तिला बसाईं म्हणत, इंग्रजांनी त्याचे बसीन केले. १८०२ चा तो प्रसिद्ध तह आपल्या पुस्तकांत वसईचा असतो आणि इंग्रजी पुस्तकांत बसीनचा. रेल्वेच्या पाटीवर पूर्वी 'बसीन रोड' होते, त्याचे 'वसई रोड' झाले. जमिनीवरून उतरलेले नाव समुद्रात मात्र टिकून राहिले.

मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. वायूचे गणित हा माझा प्रांत नव्हे. पण नावाची गोष्ट निघाली की कवीला राहवत नाही. या समुद्रातल्या इतर क्षेत्रांची नावे पाहा : हीरा, पन्ना, नीलम, मुक्ता, रत्ना. सराफाने पेटी उघडावी तशी. त्या दागिन्यांच्या शेजारी गावाचे साधे नाव घेऊन आमची वसई बसली आहे. त्यातही गंमत अशी की नालासोपाऱ्याजवळ गास नावाचे एक गाव खरोखरच आहे. गासला गॅस कधी आला, यावर आमच्याकडे विनोद होतात. परंतु ज्या वायूला वसईचे नाव मिळाले तो वसईच्या स्वयंपाकघरात कधी आला, कोणाच्या हातून आला आणि त्याचे मोल कोण ठरवतो, हे विचारू लागलो की विनोद बाजूला राहतो.

नळातून येणारा गॅस मुंबईला नवा नाही. बॉम्बे गॅस कंपनी १८६२ मध्ये स्थापन झाली आणि १८६५ मध्ये मुंबईचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळले. हा गॅस जमिनीतून निघत नसे. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून तो काढीत. लालबागेत त्याचा कारखाना होता, आणि तिथल्या गल्लीला 'गॅस कंपनी लेन' हे नाव त्यावरूनच पडले. पुढे रस्त्यावरचे दिवे विजेने घेतले आणि गॅसचे नळ दक्षिण मुंबईतल्या काही घरांच्या चुलीपुरते उरले. हा कोळशाचा गॅस ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्याला थेट सर्वोच्च न्यायालयात भेटणार आहे.

वसईच्या खाडीअलीकडे यातले काही आले नव्हते. आमच्याकडे चूल, शेगडी आणि रॉकेल. मला आठवते ते रेशनच्या दुकानापुढे लावलेल्या डब्यांची रांग. माणसे घरी, डबे रांगेत. अम्मीचा वातींचा स्टोव्ह होता, शेजारी पंपाचा. पंपाच्या स्टोव्हची पिन तुटली की सारा मोहल्ला पिन शोधायला निघे. कशी गंमत आहे, याच दिवसांत आमच्या नावाचा वायू समुद्रात सापडला होता.

'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले, आणि त्या क्षेत्राला 'बॉम्बे हाय' म्हणू लागले. १९७६ मध्ये तिथून तेल निघू लागले. त्याच वर्षी दक्षिण वसईचा शोध लागला. तेलाबरोबर गॅसही वर येतो. तो किनाऱ्यावर आणायला नळ हवा आणि आणल्यावर घ्यायला गिऱ्हाईक हवे. दोन्हींची तयारी पुरी नव्हती, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत बराच गॅस समुद्रातच पेटवून दिला गेला. खोल समुद्रात जाणारे आमच्या पाचूबंदरचे, अर्नाळ्याचे मच्छीमार त्या ज्वाळांच्या गोष्टी सांगत. रात्री दूरवरून दिसणाऱ्या त्या आगीवर त्यांना दिशा धरता येई. फलाटाच्या ५०० मीटरच्या आत होडी न्यायची नाही, हा नियमही त्यांच्याचकडून पहिल्यांदा कळला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मासळी मात्र नेमकी त्या लोखंडी पायांपाशीच जमते.

दक्षिण वसईचा गॅस वेगळा. तिथे तेलाच्या पाठोपाठ आलेला नव्हे, स्वतंत्र गॅसचाच प्रचंड साठा होता. पण त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मिसळलेला. तो काढल्याशिवाय गॅस वापरता येत नाही. तो काढण्याचा कारखाना सुरतजवळ हजिराला उभा राहिला आणि समुद्राच्या तळावरून दोनशेहून अधिक किलोमीटरचा नळ तिकडे गेला. १९८८ मध्ये गॅस वाहू लागला. हजिरापासून पुढे आणखी एक नळ : मध्य प्रदेशातले विजयपूर आणि उत्तर प्रदेशातले जगदीशपूर इथपर्यंत जाणारा, हजिरा-विजयपूर-जगदीशपूर. तो टाकण्यासाठीच १९८४ मध्ये गॅस अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे 'गेल', ही सरकारी कंपनी काढली होती.

या नळावर विजयपूर, आवला, जगदीशपूर, बबराला इथे युरियाचे कारखाने उभे राहिले. मग औरैया, आंटा, दादरी इथली वीजकेंद्रे. १९९६ च्या अखेरीस ताजमहालाच्या संगमरवराला धुराने डाग पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडायला सांगितले, तेव्हा फिरोजाबादच्या काचभट्ट्यांना हाच नळ उपयोगी पडला. फिरोजाबाद म्हणजे बांगड्यांचे गाव. वसईच्या बाजारात कासाराकडे ज्या बांगड्या येतात त्या बहुतेक तिथल्याच. वसईच्या नावाचा गॅस वसईच्या मुलींच्या हातात आला, तो आधी असा, काच होऊन. नंतर दिल्लीच्या बसगाड्या न्यायालयाच्याच आदेशाने सीएनजीवर आल्या, तेव्हाही गॅस याच नळातून पोहोचला.

'आमच्या दारातला गॅस परक्यांनी नेला' असे रडगाणे मी गाणार नाही. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे समुद्राखालची संपत्ती केंद्र सरकारची आहे, किनाऱ्यावरच्या गावाची किंवा राज्याची नाही. त्या युरियावर उत्तरेतला गहू पिकला आणि तो आपणही खाल्ला. ते वाटप दिल्लीतल्या कचेरीत होई. कोणत्या कारखान्याला किती गॅस द्यायचा हे एक समिती ठरवी आणि किंमत सरकार ठरवी. घरगुती चूल त्या यादीत खाली होती.

चुलीसाठी होता सिलिंडर. तो म्हणजे एलपीजी. हा गॅस वेगळा. तेलशुद्धीत मिळणारा, दाबून द्रवरूप केलेला. मुंबईत बर्मा-शेलचा 'बर्शेन' पन्नाशीच्या दशकातच आला होता. पण ऐंशीच्या दशकात आमच्यासारख्या घराने नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे थांबायचे. खासदारांना जोडण्यांचा कोटा असे. ज्याची ओळख त्याचा नंबर आधी. आमच्या घरी सिलिंडर आला तो नंबर लावून सातव्या वर्षी. एजन्सीवाल्याने त्याच्यासोबत शेगडी त्याच्याच दुकानातून घ्यायला लावली. अब्बांनी हुज्जत घातली नाही. सात वर्षे थांबलेला माणूस शेगडीवरून भांडत नाही. १९९३ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना परदेशातून एलपीजी आणून बाजारभावाने विकायची मुभा दिली. याला 'समांतर विक्री' म्हणत. रंगीबेरंगी सिलिंडर आले, भाव चढा होता, काही ठिकाणी अनामत घेऊन दुकाने बंदही झाली. तरीही 'नंबर' या शब्दाची दहशत तेव्हापासून कमी होऊ लागली, हे मान्य करायला हवे.

नव्वदच्या दशकात समुद्रातल्या दागिन्यांचीही वाटणी झाली. १९९४ मध्ये पन्ना-मुक्ता आणि तापी ही क्षेत्रे रिलायन्स, एन्रॉन आणि ओएनजीसी यांच्या भागीदारीला दिली गेली. एन्रॉन बुडाल्यावर तिचा वाटा ब्रिटिश गॅसच्या कंपनीने घेतला. त्याआधी, १९९५ मध्ये, हीच ब्रिटिश गॅस, गेल आणि महाराष्ट्र सरकार यांच्या सहभागातून महानगर गॅस स्थापन झाली आणि मुंबईत नळाने नैसर्गिक गॅस घरोघर येऊ लागला. ब्रिटिश गॅसची कुळकथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडमध्ये १९४९ साली गॅस कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यातून पुढे ही सरकारी संस्था बनली. १९८६ मध्ये थॅचरबाईंनी तिचे समभाग जनतेला विकून टाकले. कालपर्यंत सरकारी असलेली विलायती कंपनी खासगी होऊन मुंबईच्या स्वयंपाकघरात आली, ती आपल्या सरकारी कंपनीचा हात धरून!

महानगर गॅसचे नळ पुढे ठाणे, नवी मुंबई करीत मीरा-भाईंदरला आले आणि खाडीवर थांबले. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये वसईची खाडी आहे, मध्ये पाणजू बेट आहे. लोकल गाडीला ती ओलांडायला काही मिनिटे पुरतात. गॅसला मात्र ती सरहद्द झाली. ती पाण्यामुळे झाली नाही, कागदामुळे झाली.

तो कागद समजून घ्यायला हवा. आधी प्रश्न आला की गॅसवर कायदा कोणी करायचा, राज्याने की केंद्राने? गुजरातने २००१ मध्ये स्वतःचा गॅस कायदा केला होता. राज्यघटनेतल्या राज्यसूचीत 'गॅस आणि गॅसचे कारखाने' अशी एक नोंद आहे, तिचा आधार घेऊन. मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती नोंद कारखान्यात तयार होणाऱ्या गॅसपुरती आहे. नैसर्गिक गॅस, मग तो जहाजातून द्रवरूपात आलेला असला तरी, केंद्राचा विषय आहे. म्हणजे लालबागचा तो जुना कोळशाचा गॅस राज्याचा, आणि वसईच्या नावाचा गॅस दिल्लीचा. महापालिकेच्या हाती उरले ते रस्ता खोदायची परवानगी देणे, आणि राज्याच्या हाती कर. तेवढी ताकदही लहान नसते. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने नैसर्गिक गॅसवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तो बिलात लगेच दिसला.

त्याच २००४ मध्ये गुजरातेत दहेजला कतारहून द्रवरूप गॅसची जहाजे येऊ लागली. २००७ मध्ये दहेजहून उरण-पनवेलकडे नळ आला, तो आमच्याच मुलखातून. मधल्या काळात, २००६ मध्ये, संसदेने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा केला. बाजार खुला करायचा, स्पर्धा आणायची, ग्राहकाचे हित राखायचे असा हेतू. पद्धत अशी की देशाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला 'भौगोलिक क्षेत्र' म्हणायचे आणि त्यासाठी बोली लावायची. जिंकलेल्या कंपनीला त्या क्षेत्रात नळ टाकण्याचा एकटीचा हक्क २५ वर्षे, आणि गॅस विकण्याचा एकटीचा हक्क ठरावीक वर्षे. ती वर्षे संपली की दुसऱ्या विक्रेत्याने भाडे देऊन त्याच नळातून आपला गॅस विकावा. 'पालघर जिल्हा आणि ठाणे ग्रामीण' हे क्षेत्र गुजरात गॅस कंपनीच्या वाट्याला आले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. तेव्हा समुद्रातल्या वसईतून गॅस निघू लागल्याला २६ वर्षे झाली होती. वसईच्या नावाचा गॅस आधी गुजरातेत उतरला आणि वसईत नळ टाकायला आली तीही गुजरातेतली कंपनी. आज माझ्या शेगडीत जळणारा गॅस बसीनचा, की कतारचा, हे कोणी सांगू शकत नाही. नळात सगळे एकत्र होते.

ही कंपनी वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. नळ आला, सिलिंडरची वाट पाहणे संपले, रमजानमध्ये पहाटे चार वाजता सहरीच्या वेळी गॅस संपण्याची धास्ती गेली. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळाला तरी वर निघून जातो; एलपीजी जड, तो जमिनीलगत साठतो. दाटीवाटीच्या इमारतींसाठी ही मोठीच गोष्ट आहे. माझा प्रश्न किमतीचा आहे.

मंडळाने २०१२ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसला दर कमी करायला सांगितले. कंपनी न्यायालयात गेली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ग्राहकाला गॅस कोणत्या भावाने विकायचा हे ठरवण्याचा अधिकार २००६ च्या कायद्याने मंडळाला दिलेलाच नाही. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून होता. पण घरात बसून त्याचा अर्थ लावला तर असा निघतो : विकणारा एकच, आणि त्याच्या भावावर मंडळाचा अधिकार नाही. विजेचे दर वाढवायचे तर वीज नियामक आयोगापुढे सुनावणी होते, आपण हरकत नोंदवू शकतो. गॅसच्या दरासाठी असा दरवाजा नाही.

ज्या देशांकडून आपण ही कल्पना घेतली त्यांनी काय केले? इंग्लंडमध्ये १९८६ नंतर दहा वर्षे घरगुती ग्राहकाला एकच कंपनी होती. १९९६ ते १९९८ मध्ये मात्र घरोघर विक्रेता निवडण्याची मोकळीक आली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९७ मध्ये कायदा करून नळ एका कंपनीचा आणि विक्रेते अनेक, अशी व्यवस्था केली. २०००-०१ च्या थंडीत गॅसचे भाव भडकले, लोकांची बिले फुगली, आणि २००२ मध्ये गरीब ग्राहकांसाठी नियंत्रित पुरवठादार नेमणारा दुसरा कायदा करावा लागला. म्हणजे निवड मिळाली की सगळे गोड होते असेही नाही. पण तिथे निवड आधी मिळाली, मग तिची दुखणी कळली. आपल्याकडे भाव खुला झाला, निवड झाली नाही.

भाव खुला म्हणजे काय ते २०२२ मध्ये समजले. युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि जगभर गॅस महागला. आपल्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा, म्हणजे बसीनच्याही गॅसचा, भाव २०१४ च्या सूत्राने परदेशातल्या बाजारांना जोडलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये तो एका मापाला ६.१० डॉलर झाला, ऑक्टोबरात ८.५७. समुद्रातला फलाट तोच, नळ तोच, आणि वसईतल्या रिक्षावाल्याचा सीएनजी युद्धामुळे महाग! एप्रिल २०२३ मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर सरकारने या गॅसला साडेसहा डॉलरची वरची मर्यादा घातली. दोन वर्षे तीच, मग दरवर्षी पाव डॉलर वाढ. खुल्या बाजाराचा झेंडा लावून झाल्यावर सरकारला पुन्हा किंमत बांधावी लागली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. पण जुनी क्षेत्रे आटत चालली आहेत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएनजीसाठी मिळणारा स्वस्त गॅस कमी करण्यात आला. घरगुती नळाला अग्रक्रम राहिला.

दुसऱ्या विक्रेत्याला नळ खुला करण्याचे नियम मंडळाने २०२० मध्ये केले. त्याविरुद्ध काही कंपन्या न्यायालयात गेल्या. वसईत अजून कोणी दुसरा विक्रेता माझ्या दाराशी आलेला नाही. आणि ज्यांच्याकडे नळच आलेला नाही त्यांचे काय? बैठ्या चाळी, कागदपत्रे अपुरी असलेल्या इमारती, भाडेकरू ज्यांना मालक संमती देत नाही. वसई-विरारमध्ये अशी घरे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत आमच्या महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती, त्यानंतर शहर किती वाढले ते कोणत्याही सकाळी विरार लोकलमध्ये चढून पाहावे. नळ न आलेल्यांना सिलिंडर आहे, आणि सिलिंडरचे अनुदान सरकारच्या मर्जीवर आहे.

आमच्या मोहल्ल्यात एक बेकरीवाले चाचा आहेत. त्यांच्या भट्टीसाठी गॅस घेतला तर तो घरगुती भावाने मिळत नाही. व्यवसायासाठीचा गॅस बाजारभावाचा, परदेशी जहाजांच्या किमतीला बांधलेला. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याची दिशा दाखवली. आमच्याकडेही ते येणार, हे चाचा ओळखून आहेत. त्यांनी एक भट्टी गॅसवर केली आहे आणि दुसरी लाकडावर ठेवली आहे. महिन्याचे बिल आले की ते अंगणातल्या लाकडांच्या ढिगाकडे पाहतात, पावाच्या लाद्या मोजतात, आणि पुढच्या महिन्यात कोणती भट्टी जास्त पेटवायची ते ठरवतात.